श्रोणिवेदना, गरोदरपणातील (भिलाई परिसर)

गरोदरपणात श्रोणीच्या सांध्यांत होणारे दुखणे. ते बहुधा पाचव्या महिन्यानंतर सुरू होते आणि सातव्या-आठव्या महिन्यापासून वाढते. श्रोणी म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे. त्यात मागे त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना नितंबास्थी आणि पुढे ओटीपोटाच्या तळाशी दोन्ही नितंबास्थींना जोडणारा जघनसांधा असतो. दुखणे मागे त्रिकास्थी आणि नितंबास्थी यांच्यामधल्या एका किंवा दोन्ही सांध्यांत, पुढच्या जघनसांध्यात, किंवा तिन्ही ठिकाणी असू शकते. ते नितंबात, जांघेत आणि मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. साधारणपणे पाच गर्भवतींमागे एकीला हा त्रास होतो. बाळाला त्यापासून अपाय होत नाही. मात्र ‘दिवस भरत आले की हे व्हायचंच’ असे म्हणून ते अंगावर काढायला लावणे चुकीचे आहे. योग्य उपायांनी बहुतेकींचा त्रास कमी होतो, आणि त्यातले बरेच उपाय घरातच करायचे असतात.

भिलाई (जि. दुर्ग, छत्तीसगड) हे पोलाद कारखान्याभोवती वसलेले शहर. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत-सोव्हिएत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती, त्यामुळे विदर्भाशी इथले नाते जुने आहे. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत, नेहरूनगरात, शेजारच्या दुर्ग-राजनांदगावात मराठी घरे आहेत. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि कामवालीशी छत्तीसगढी असा त्यांचा व्यवहार. इथली बाई दवाखान्यात ‘कमर दर्द’ सांगते, गावाकडची ‘कनिहा पिराथे’ म्हणते. दोघींनाही नेमकी दुखरी जागा बोटाने दाखवायला सांगावी, कारण कंबरदुखी आणि श्रोणिवेदना यांचे उपाय वेगळे आहेत.

कारणे : रिलॅक्सिन या संप्रेरकाने सांध्यांचे बंध सैल होतात आणि म्हणून दुखते, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. परंतु रक्तातले रिलॅक्सिन आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ पुढच्या अभ्यासांत नीट बसला नाही. आज असे मानतात की सैलावलेले सांधे, पुढे सरकलेला शरीराचा भार, पोट-नितंबांच्या स्नायूंचे बिघडलेले काम आणि दोन्ही बाजूंवर असमान पडणारा ताण यांतून दुखणे उद्भवते. जघनसांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते आणि ते स्वाभाविक आहे. ती दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तरच सांधा उकलला असे म्हणतात, आणि असे क्वचित घडते. आधीची कंबरदुखी, श्रोणीला पूर्वी झालेली इजा आणि अंगमेहनतीचे काम ही या त्रासाची शक्यता वाढवणारी प्रमुख कारणे.

शेवटच्या कारणाकडे या परिसरात विशेष लक्ष द्यायला हवे. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या स्त्रीला इथे रेजा म्हणतात. धानाच्या रोपणीत बायका तासन् तास चिखलात वाकून उभ्या असतात. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा (आता बालोद जिल्हा) इथल्या खाणींतही कंत्राटी मजुरीवर हजारो स्त्रिया राबल्या. तिथल्या खाणकामगार संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई १९७९ मध्ये बाळंतपणात पुरेशा उपचारांअभावी दगावल्या. त्या धक्क्यातून, कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली, कामगारांनी स्वतःच्या पैशांनी आणि श्रमांनी शहीद रुग्णालय उभारले. ते १९८३ मध्ये सुरू झाले. कष्टकरी बाईच्या गरोदरपणातली दुखणी ही कामाच्या परिस्थितीशी बांधलेली असतात, हे या इतिहासावरून ध्यानात येते. ‘वजन उचलू नका’ हा सल्ला रोजीवर जगणाऱ्या बाईला पाळता येत नाही. तिला मुकादमाकडून हलके काम मिळवून देणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

निदान : एका पायावर उभे राहताना, कुशीवर वळताना, जिना चढताना, पाय फाकवून स्कूटरवर बसताना किंवा उतरताना कळ येते, ही ठळक लक्षणे. काहींना चालताना जघनसांध्यात ‘कट्’ असा आवाज जाणवतो. उताणे झोपून सरळ पाय थोडा उचलायला लावणे, गुडघा वाकवून मांडीवरून खाली दाब देणे, सांधे चाचपणे अशा साध्या तपासण्यांनी निदान होते. क्ष-किरण चित्र सहसा लागत नाही.

काही दुखणी मात्र यात मोडत नाहीत. ठराविक अंतराने येणाऱ्या कळा, रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, लघवीला आग, एका पोटरीची सूज, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा जांघेतला बधिरपणा यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या दोन्हीकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या गर्भवतीच्या कमरेतली, मांडीतली हाडे अचानक असह्य दुखू लागली, तर ते त्या आजाराचे संकट असू शकते. याच आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटूनही लंगडणे येते. म्हणून या भागात श्रोणिवेदनेचा विचार करताना सिकलसेलची तपासणी झालेली आहे ना, हे पाहणे आवश्यक. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ पडणे हेही ध्यानात ठेवावे. डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी काश्मीरमधल्या अनुभवावरून १९२८ साली लिहिलेल्या पुस्तकात उन्हाविना पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या श्रोणीची हाडे कशी वाकत आणि बाळंतपण कसे अडत असे, हे दाखवले होते.

दिनचर्या : सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार आणि दोन्ही गुडघे शक्यतो जवळ, हे मुख्य सूत्र. साडी, परकर, सलवार बसून घालावी. अंथरुणातून उठताना गुडघे जुळवून आधी कुशीवर वळावे, मग हातांच्या जोरावर बसावे. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोहोचेल अशी उशी पायांमध्ये घ्यावी. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने दिवसातल्या खेपा कमी कराव्यात, भाजी-दूध दुसऱ्या कोणी आणावे. मोठ्या मुलाला कडेवर घेणे बंद करावे. बसून मांडीवर घ्यावे.

मराठी स्वयंपाकघरातली विळी या काळात बाजूला ठेवावी. एक गुडघा उभा, दुसरा आडवा अशा बैठकीत श्रोणी पिळली जाते. ओट्यापाशी स्टुलावर बसून सुरीने चिरावे. उकिडवे बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपे जाते, हा समज घराघरांत आहे. जघनसांधा दुखत असताना तसे केल्याने दुखणे वाढते. हेच गर्भसंस्कार वर्गांतल्या फुलपाखरू-आसनाचे (बद्धकोनासन) आणि मलासनाचे. ज्यांना त्रास नाही त्यांनी ती खुशाल करावीत, पण वर्ग घेणाऱ्यांनी ‘पुढे दुखतं का?’ हे आधी विचारलेच पाहिजे. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, तिचा फार उपयोग होतो.

याचा अर्थ खाटेवर पडून राहावे असा नाही. पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. थोडे चालावे, थोडे बसावे. दुखणे वाढण्याआधी थांबावे.

उपचार : फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ओटीपोट, नितंब व श्रोणीतळाच्या स्नायूंचे व्यायाम, हात-गुडघ्यांवर राहून पाठ हळू वर-खाली करणे आणि पेल्व्हिक बेल्ट हे मुख्य उपचार. हा पट्टा पोटाखाली, खुब्याच्या पातळीवर बांधतात. बाळंतपणानंतर पोटावर गुंडाळतात तो हा नव्हे. तो चालताना-काम करताना लावावा, दिवसभर नको. मागच्या बाजूला कोमट पिशवीचा शेक आराम देतो. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. पाय ओढणे, कंबर दाबून ‘कडकड’ मोडणे कटाक्षाने टाळावे. औषधांत पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे विसाव्या आठवड्यानंतर घेऊ नयेत, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर आणि पुढे हृदयालगतच्या रक्तवाहिनीवर त्यांचा परिणाम होतो. दुकानातून ‘दर्द की गोली’ मागून घेण्याची सवय या बाबतीत घातक आहे.

शहरात सेक्टर-९ मधले जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे. शासकीय सेवा दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात आणि सुपेल्याच्या लाल बहादूर शास्त्री रुग्णालयात मिळते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. वस्त्यांत २००२ पासून छत्तीसगडची मितानिन ही आरोग्य-स्वयंसेविका घरोघरी जाते. भेटीच्या वेळी लोहाच्या गोळ्यांच्या चौकशीबरोबर ‘कुशीवर वळताना दुखतं का?’ हा एक प्रश्न तिने विचारला, तरी पुष्कळ जणी वेळेवर कळतील.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत भिलाईतली मराठी घरेही पाळतात. दुर्गहून नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे. त्रास असेल तर प्रवास आधीच उरकावा, गर्भवतींसाठीच्या कोट्यातून खालचा बर्थ घ्यावा, सामान दुसऱ्याकडे द्यावे, तासाभराने उठून उभे राहावे. तपासणीची कागदपत्रे सोबत हवीतच.

प्रसूती आणि नंतर : केवळ या दुखण्यासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. दिवस भरण्याआधी, न दुखता गुडघे किती अंतरापर्यंत फाकवता येतात ते मोजून कागदावर लिहून घ्यावे आणि प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला दाखवावे. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून प्रसूती होऊ शकते. पाय अडकवून जास्त फाकवणे टाळावे. पाठीत भूल दिलेली असेल तेव्हा अधिक सांभाळावे, कारण तेव्हा दुखल्याचे बाईला कळत नाही.

बहुतेकींचे दुखणे बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांनंतरही ते राहिले, तर बाळाच्या धावपळीत मागे न टाकता पुन्हा तपासून घ्यावे. पुढच्या खेपेला दुखणे परत येण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना मागचा त्रास सांगावा आणि व्यायाम तेव्हापासूनच सुरू करावेत.