सोन्याचं मांजर आणि पोत्यातली पिल्लं

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. म्हणून मांजराला कुणी मारत नाही. पण नको असलेली पिल्लं पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतात. आमच्या बचत गटातल्या आम्हीही हे केलंय, आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. म्हणून आज मांजराचा इतिहास सांगतोय.

माणूस धान्य साठवायला लागला, तेव्हा उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. इतकं हे नातं जुनं. आपल्या कणगीजवळ बसणारं मांजर आजही तेच काम करतंय.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. आपल्या नगरला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करता करता याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात, हे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवलं.

मग उंदरांचं काय करायचं? अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांकडे लक्ष दिलं. ज्या गावात घरोघरी मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०८ साली त्यांनी तो इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. अर्थात मांजरालाही प्लेग होतो, त्यामुळे मांजर म्हणजे औषध नव्हे. पण सरकारी डॉक्टरने मांजरांची दखल घ्यावी, एवढं त्यांच्या कामाचं मोल होतं.

पुढे कायदाही आला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. म्हणजे आपलं ते ओढ्यापलीकडचं पोतं कायद्यातही बसत नाही. शेजारच्या पुणे महापालिकेने तर २०२२ साली, कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली. त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो.

खेड्यात आपल्याला कुणी दाखला मागत नाही. तरी लस हवीच, कारण पिसाळलेलं मांजर चावलं तरी रेबीज होतो, आणि रेबीज एकदा झाला की माणूस वाचणं जवळपास अशक्य. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस टोचून घ्यायची, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखमेला चुना-तिखट लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

आणि पिल्लांचं काय? मांजरी सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत विते. एका मांजरीची वर्षभरात किती पिल्लं होतील, हिशोब करा. नसबंदी केली तर पोत्याची वेळच येत नाही. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, ती कुठे होते ते सांगतील.

आमच्या गटाने ठरवलंय की महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की मांजरांचाही घ्यायचा. कुणाकडे किती, लस कुणाची राहिली, कुणाची मांजरी गाभण आहे. डॉक्टरांकडे एकटीने जाण्यापेक्षा पाच-सहा जणींनी मिळून गेलं तर गाडीभाडं वाटून जातं. काशीच्या सोन्याच्या मांजरापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

तुमच्या गटातही हा हिशोब एकदा मांडून बघा.