खडू, फळा आणि दुसरी साक्षरता

१९८५ च्या सप्टेंबरात सोव्हिएट संघातील माध्यमिक शाळा उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीनंतर उघडल्या, तेव्हा नववीच्या वेळापत्रकात एका नव्या विषयाची भर पडली होती. ‘माहितीशास्त्र व गणनतंत्र यांची मूलतत्त्वे’ हे त्या विषयाचे नाव. बाल्टिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या त्या विशाल देशातील सर्व माध्यमिक शाळांत तो सक्तीचा करण्यात आला होता. पाठ्यपुस्तक छापून तयार होते. गणिताच्या व पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना घाईघाईने का होईना, प्रशिक्षण देण्यात आले होते. उणीव होती ती मुख्य वस्तूची. बहुसंख्य शाळांत संगणकच नव्हता, आणि तो नजीकच्या काळात येईल अशी चिन्हेही दिसत नव्हती.

यंत्रावाचून यंत्राचे शास्त्र शिकविण्याचा हा उद्योग प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटतो. कोरड्या विहिरीत पोहण्याचे धडे द्यावेत, तसाच काहीसा हा प्रकार. परंतु या उद्योगाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आजही प्रत्येक देशाला आपापल्या परीने शोधावे लागत आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने संगणकशास्त्राची मूलतत्त्वे शिकावयाची, म्हणजे नेमके काय शिकावयाचे? यंत्र चालविण्याचे कसब, की विचार नीट मांडण्याची शिस्त?

या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे वाहिली, ते आंद्रेई येर्शोव हे त्या पिढीतील अग्रगण्य संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९३१ सालचा. मॉस्को विद्यापीठात गणिताचे शिक्षण झाल्यावर ते संगणकाच्या आज्ञावलीकडे वळले. बेस्म नावाच्या आरंभीच्या सोव्हिएट संगणकासाठी आज्ञावली रचून देणाऱ्या आज्ञावलीवरचे त्यांचे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले, आणि लगेच इंग्रजीतही गेले. पुढे सायबेरियात नोव्होसिबिर्स्क शहरालगत शास्त्रज्ञांसाठी वसविलेल्या अकादेमगोरोदोक या वसाहतीत त्यांनी आपले कार्यक्षेत्र निवडले आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

शाळकरी मुलांना संगणकाची ओळख करून देण्याचा प्रयत्न त्या देशात त्यापूर्वीही झाला होता. १९५९ साली मॉस्कोतील एका शाळेत सेम्योन श्वार्ट्सबुर्द या गणितशिक्षकाने नववीचा असा एक वर्ग सुरू केला, की ज्यातील विद्यार्थी शाळा सोडताना आज्ञावलीकार म्हणून नोकरीस लायक ठरावेत. शाळेत एखादा धंदा शिकवावा, या तत्कालीन धोरणाशी तो सुसंगत होता. सुतारकाम, यंत्रकाम, तसे हे आज्ञावलीचे काम. या वर्गातून गुणी विद्यार्थी बाहेर पडले, आणि पुढे नावारूपाला आलेल्या विशेष गणितशाळांची परंपराही याच सुमारास सुरू झाली. परंतु तेथे दृष्टी धंद्याची होती. जो मुलगा पुढे डॉक्टर, शेतकरी किंवा शिक्षक होणार, त्याला या विद्येचे काय प्रयोजन, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

नोव्होसिबिर्स्कमध्ये नेमका तोच प्रश्न विचारला गेला. १९७० नंतरच्या दशकात येर्शोव आणि त्यांचे सहकारी संस्थेतील यंत्रांवर शाळेच्या मुलांना बोलावू लागले. मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली. या कामात गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की नावाचा एक तरुण शिक्षक-शास्त्रज्ञ विशेष रमला. लहान मुलांसाठी त्याने रोबिक ही भाषा तयार केली, आणि मोठ्या मुलांसाठी रापिरा या भाषेच्या रचनेत पुढाकार घेतला. या भाषांतील शब्द रशियन होते. रोबिक शिकणारे मूल यंत्राला आज्ञा देत नसे. ते पडद्यावरच्या एखाद्या काल्पनिक गड्याला आज्ञा देई. त्या गड्याला मोजकीच कामे येत. ती कामे कोणत्या क्रमाने सांगितली असता इष्ट फळ मिळेल, याचा विचार मुलाने करावयाचा. १९७९ साली येर्शोव, झ्वेनिगोरोद्स्की आणि पेर्विन या तिघांनी ‘शालेय माहितीशास्त्र’ या नावाने आपली भूमिका लिहून काढली. दुर्दैवाने झ्वेनिगोरोद्स्की १९८४ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तला, आणि ज्या विषयासाठी तो झटला तो शाळाशाळांत गेलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याच १९७९ साली आणखी एक लक्षणीय घटना घडली. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आणि येर्शोव यांच्या पुढाकाराने उझबेकिस्तानातील उर्गेंच येथे अल्गोरिदम या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. स्थळाची निवड हेतुपूर्वक केलेली होती. उर्गेंच हे प्राचीन ख्वारिज्म प्रांतातील नगर. नवव्या शतकात बगदादला विद्याभ्यास करणारा अल्-ख्वारिज्मी हा गणिती याच प्रांताच्या नावाने ओळखला जातो. भारतीय अंकपद्धतीवर त्याने एक ग्रंथ लिहिला. शून्यासह दहा चिन्हांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार कसे करावेत, हे त्याने त्यात सांगितले. तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, आणि ग्रंथकाराच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘अल्गोरिदम’ हा शब्द जन्मास आला. म्हणजे ज्या संकल्पनेवर संगणकशास्त्राची सारी इमारत उभी आहे, तिचे नाव भारतीय हिशेबाची रीत पश्चिमेकडे नेणाऱ्या एका पंडिताचे आहे. रीत ही यंत्राच्या आधी हजार वर्षे अस्तित्वात होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे शिक्षणातील संगणकाविषयी जागतिक परिषद झाली. तेथे येर्शोव यांनी ‘आज्ञावली : दुसरी साक्षरता’ हा विचार मांडला. मुद्रणकला आली तेव्हा वाचन ही मूठभर लेखनिकांची आणि पुरोहितांची मिरास होती. पुस्तके घरोघर पोचली तशी ती सर्वांची गरज झाली. संगणकाचेही तसेच होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र त्यांना अभिप्रेत असलेली साक्षरता कळफलक बडविण्यापुरती नव्हती. माणूस दिवसभरात जी जी कामे योजतो, ज्या ज्या सूचना देतो व पाळतो, त्या साऱ्यांत आज्ञावलीचे बीज आहे. ते ओळखणे, नेमक्या शब्दांत मांडणे आणि त्याचा परिणाम आधीच पाहता येणे, हीच ती दुसरी साक्षरता.

मार्च १९८५ मध्ये गोर्बाचोव सत्तेवर आले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शालेय विद्यार्थ्यांच्या संगणक-साक्षरतेविषयीचा सरकारी ठराव झाला. अवघ्या पाच महिन्यांत देशभर विषय सुरू करावयाचा होता. येर्शोव आणि मोनाखोव यांच्या संपादनाखाली पाठ्यपुस्तक सिद्ध झाले. शाळेत यंत्र नसेल हे गृहीत धरूनच ते लिहिले गेले होते.

त्या पुस्तकातील पद्धती एका जुन्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याची युक्लिडची रीत घ्यावी. संख्या ४८ आणि १८. मोठीतून लहान वजा करावी. ३० आणि १८ उरतात. पुन्हा तेच केले की १२ आणि १८, मग १२ आणि ६, आणि शेवटी ६ आणि ६. दोन्ही समान झाल्या, उत्तर ६. आता हीच रीत अशा गड्याला सांगावयाची, की ज्याला वजाबाकी येते, तुलना येते, पण स्वतःची अक्कल म्हणून काही नाही. ‘समान होईपर्यंत’ हे दोन शब्द सांगावयाचे राहिले, तर तो ६ मधून ६ वजा करील, शून्य आणि ६ घेऊन बसेल, आणि ६ मधून शून्य वजा करण्याचे काम अनंत काळ करीत राहील. कोठे थांबावे हे सांगणे, हे काय करावे हे सांगण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा धडा येथे आपोआप मिळतो. विद्यार्थ्याने वहीत तक्ता आखावा, प्रत्येक पायरीला प्रत्येक राशीचे मूल्य लिहावे, आणि यंत्राची भूमिका स्वतःच वठवावी, अशी योजना होती.

या रीती ज्या भाषेत लिहावयाच्या ती शालेय भाषाही रशियनच होती. ‘येसली’ म्हणजे जर, ‘तो’ म्हणजे तर, ‘इनाचे’ म्हणजे नाहीतर, ‘पका’ म्हणजे जोपर्यंत. मुलाच्या तोंडी बालपणापासून असलेले हेच शब्द येथे काटेकोर अर्थाने योजले गेले. परक्या भाषेच्या ओझ्याखाली विचार दबू नये, हा त्यामागील हेतू. मुळात जर, तर आणि जोपर्यंत एवढ्या तीन शब्दांत संगणकाच्या सामर्थ्याचे पुष्कळसे रहस्य सामावलेले आहे, ही गोष्ट मातृभाषेतून जितकी चटकन उमगते तितकी अन्य कोणत्याही मार्गाने उमगत नाही.

प्रत्यक्षात काय घडले? काही शाळांत जपानहून आणविलेली यामाहा यंत्रे आली, काहींत अगात किंवा बीके अशी देशी यंत्रे आली; इतरत्र जवळच्या कारखान्यातील अथवा संस्थेतील यंत्र कधीमधी पाहावयास मिळाले. पुष्कळ मुलांच्या वाट्याला आला तो खिशात मावणारा आज्ञाक्षम गणनयंत्रक. बी३-३४ या लोकप्रिय नमुन्यात अवघ्या ९८ पायऱ्यांची आज्ञावली साठविता येई. तेवढ्या जागेत मुलांनी चंद्रावर यान उतरविण्याचे खेळ बसविले, आणि १९८५ पासून एका तंत्रविषयक मासिकाने अशा खेळांभोवती गुंफलेली विज्ञानकथा क्रमशः छापली. दारिद्र्यातही कल्पकता कशी फुलते, याचे हे हृद्य उदाहरण आहे.

तथापि या प्रयोगाचे दोषही झाकून ठेवण्याजोगे नाहीत. यंत्र हा कठोर परीक्षक आहे. त्याला अर्धवट सांगितलेले चालत नाही, आणि ते कोणाची भीडही धरीत नाही. खडू-फळ्यावरच्या रीतीत एखादी पायरी गळाली, तर शिक्षक ती नकळत आपल्या मनाने भरून घेतो आणि उत्तर बरोबर म्हणून खूण करतो. चूक उघडकीस येण्याचा जो लख्ख अनुभव, त्याला असा विद्यार्थी मुकतो. शिवाय शिक्षक स्वतःच नवखे होते. जेथे शिक्षकाला विषय उमगला नव्हता तेथे तो व्याख्यांच्या घोकंपट्टीवर येऊन थांबला. येर्शोव यांना यंत्ररहित वर्ग हा आदर्श वाटत होता असेही नव्हे. यंत्रे मिळावीत म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. यंत्र नाही म्हणून एका अख्ख्या पिढीला ताटकळत ठेवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. डिसेंबर १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तीन वर्षांनी तो देशही विलयास गेला.

विषय मात्र टिकला. रशियाच्या शाळांत माहितीशास्त्र आजही शिकविले जाते. मॉस्को विद्यापीठातील कुश्निरेन्को आणि लेबेदेव प्रभृतींनी येर्शोव यांच्या शालेय भाषेला यंत्रावर उतरविले. तिच्यातून कुमिर ही विनामूल्य प्रणाली निर्माण झाली, आणि वहीत मूल्यांचे तक्ते भरण्याची जागा पडद्यावर चालणाऱ्या छोट्या यंत्रमानवाने घेतली. दूर न्यूझीलंडमध्येही काही प्राध्यापकांनी १९९० नंतर पत्ते, दोऱ्या आणि मैदानावरचे खेळ यांच्या साहाय्याने, विजेवाचून संगणकशास्त्र शिकविण्याची पद्धत रूढ केली, आणि ती अनेक देशांत पसरली. यंत्राचा सुकाळ झाल्यावरही तिची उपयुक्तता संपली नाही, हे विशेष.

भारतात याच सुमारास, १९८४-८५ साली, ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे अडीचशे निवडक शाळांत ब्रिटनची बीबीसी मायक्रो यंत्रे बसविण्यात आली. एका देशाने सर्वांना विषय दिला, पण यंत्र थोड्यांना. दुसऱ्याने थोड्यांना यंत्र दिले आणि बाकीच्यांना वाट पाहावयास लावले. दोन्ही मार्ग अपुरे होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांपासून आज्ञालेखनाचा अंतर्भाव करावा असे म्हटले आहे. म्हणजे निवड करण्याची वेळ पुन्हा आली आहे.

या निवडीत १९८५ चा अनुभव उपयोगी पडावा. यंत्रे जुनी होतात. अगात आणि यामाहा आज संग्रहालयांत गेली आहेत, आणि त्यांची बटणे पाठ करणाऱ्याचे ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले. परंतु एखादे काम नेमक्या पायऱ्यांत सांगणे, आपण सांगितलेले स्वतःच तपासणे आणि कोठे थांबावयाचे ते आधी ठरविणे, हे ज्याला नववीत साधले त्याचे शिक्षण वाया गेले नाही. शाळेत यंत्र अवश्य यावे, आणि ते प्रत्येक मुलाच्या हाती पडावे. पण ते येईपर्यंत ज्या वर्गात फळा आहे, खडू आहे आणि विषय उमगलेला शिक्षक आहे, त्या वर्गाने या शास्त्राचा आरंभ लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.