शांत नदी, पाणंद आणि वाटचालीचे वाङ्मय

मराठी वाङ्मयातील चालणे दीर्घकाळ सहेतुक राहिले आहे. 'लीळाचरित्रा'तील चक्रधरांचे अटन धर्मनिरूपणापासून वेगळे काढता येत नाही. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मागे (प्रकाशन १९०७) द्रव्यार्जनाची निकड आहे, तर इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाला पंढरीच्या वारीची चौकट आहे. नदीकाठाने, आडवाटेने दिवसभर निर्हेतुक हिंडणे हा अनुभव प्रामुख्याने आधुनिक ललित निबंधाने प्रतिष्ठित केला. तो करताना मात्र वाटेवरची शांतता निसर्गदत्त आहे, असे या लेखनाने बहुधा गृहीत धरले. राधानगरीहून भोगावतीच्या काठाने राशिवड्याच्या दिशेने जाणारी वाट हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडते.

सह्याद्रीतल्या पावसाळी नद्या उन्हाळ्यात रोडावतात. भोगावती मात्र या दिवसांतही वाहते. तिच्या वाहण्यामागे शाहू छत्रपतींनी हाती घेतलेले धरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर कोल्हापूर संस्थानात पाटबंधाऱ्यांचा विचार आकाराला आला. धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात खोळंबले आणि संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्णत्वास गेले. गावाचे नावही शाहूंची कन्या राधाबाई यांच्यावरून आलेले आहे. धरणाखाली नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालतात आणि पुढच्या पावसापूर्वी ते काढून घेतात. काठावरून चालणाऱ्याला जे संथ, आरशासारखे पाणी दिसते, ते या बरग्यांमागे तुंबलेले पाणी असते. नदीचा शांतपणा हा असा हंगामी आणि मानवनिर्मित आहे. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जातात, जलाशय भरताच धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि तीच नदी २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी पंचगंगेच्या पुरात भर घालते.

पाणंदीचेही असेच आहे. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी ही चिंचोळी वाट भटक्याला एकांताची जागा वाटते. गावाच्या लेखी ती बैलगाडीची, वैरणीच्या भाऱ्याची, ऊस बाहेर काढण्याची वाट असते. तिच्यावरचा हक्क सामाईक असतो आणि तिच्या रुंदीवरून तंटे होतात. नदीकाठच्या मळीत तिच्या कडेने आज उसाच्या भिंती उभ्या असतात. त्या उसाला पाणी मिळते ते बंधाऱ्यांमागून उपसलेले. म्हणजे नदीची स्थिरता आणि पाणंदीची निवांतता या एकाच अर्थव्यवस्थेच्या दोन बाजू ठरतात.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये (१९७३) निसर्गदृश्याच्या कल्पनेमागील पाहणारा आणि राबणारा यांच्यातील अंतर दाखवून दिले. त्यांच्यासमोर इंग्लंडमधील जमीनदारांची उद्याने होती. भोगावतीकाठचे वास्तव मात्र याहून गुंतागुंतीचे आहे. येथील दृश्य कोणा धनिकाच्या नेत्रसुखासाठी घडवलेले नाही. दुष्काळावरील उपाय म्हणून एका राज्यकर्त्याने आणि पुढे शासनाने केलेल्या कामातून ते अनायास निपजले. त्यामुळे विल्यम्स यांची मांडणी येथे जशीच्या तशी लावली, तर शोषणाचा शोध लागेल; पण लोकहिताच्या हेतूतून सौंदर्य कसे निर्माण होते, हा प्रश्न सुटून जाईल.

ललित निबंधातील शांततेचा आस्वाद यामुळे खोटा ठरत नाही. तो अपुरा ठरतो. दिवसभराच्या चालीत बरगे, उपसा पंप आणि गाडीच्या चाकोऱ्या ज्याच्या नजरेतून सुटतात, त्याने नदी पाहिलेली असते, पण वाचलेली नसते. मराठी निसर्गलेखनाच्या समीक्षेने हे वाचन आपल्या कक्षेत घेणे आवश्यक आहे.