शिवनेरीचं पाणी

गड म्हटला की आपल्याला तट, बुरूज आणि तोफा आठवतात. आज मात्र गडावरच्या पाण्याची गोष्ट ऐकू या. तट कितीही भक्कम असो, वर पाणी नसेल तर गड लढवायचा कसा?

पुणे जिल्ह्यात जुन्नरला लागूनच शिवनेरी उभा आहे. सात दरवाजे ओलांडून वर गेलं की कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. त्यातली गंगा-जमुना ही जोडटाकी प्रसिद्ध आहेत. छत कोसळू नये म्हणून आत दगडाचेच खांब राखले आहेत. वर कातळ असल्यानं ऊन आत शिरत नाही, पाणी गार राहतं आणि कमी आटतं.

शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली. तेव्हा कोकणातला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येई. जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख सांगतो, की सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, हे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं दान आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. हे दान कुणा राजाचं नाही. दहा जणांनी मिळून केलेलं काम आहे. आपल्या बचत गटाला हे वेगळं सांगायला नको!

याच गडावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्मले. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून गेली. अशा काळात गडावरच्या टाक्याचं मोल काय असेल, हे डोईवर हंडा वाहिलेल्या बाईला लगेच कळेल.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच बजावलं: आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा हवीच असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये.

आपण मात्र आज एका बोअरवर विसंबतो, आणि जुन्या बारवेत कचरा टाकतो. मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या जुन्या विहिरी, बारवा, टाकी मोजा. वळवाच्या आधी एकीचा तरी गाळ काढा. आणि गडावर गेलात, तर टाक्यात बाटली टाकणाऱ्याचा हात धरा.