स्पेल्ट गहू: इतिहास आणि पोषण

स्पेल्ट हा साध्या गव्हाचा जवळचा भाऊबंद. दोघांच्याही पेशीत ४२ गुणसूत्रे असतात. मुख्य फरक ओंबीत आहे. मळणीत साध्या गव्हाचा दाणा तुसातून मोकळा होतो. स्पेल्टचा होत नाही, तो वेगळा सडावा लागतो. या पिकाचे नशीब बऱ्याच अंशी या तुसानेच ठरवले.

मध्य युरोपात स्पेल्टची लागवड कांस्ययुगापासून होती. इ.स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ठरवून दिलेल्या दरांत सडलेल्या आणि न सडलेल्या स्पेल्टचे भाव वेगवेगळे आहेत. बाराव्या शतकात जर्मन मठाध्यक्षा बिंगेनच्या हिल्डेगार्डने त्याला उत्तम धान्य म्हटले. दक्षिण जर्मनीतील श्वाबियात आणि स्वित्झर्लंडमध्ये शतकानुशतके पावाचे मुख्य धान्य हेच होते. हलक्या जमिनीत आणि थंड हवेत ते तग धरी, तूस दाण्याचे रक्षण करी. दक्षिण जर्मनीतल्याच बाउलांड भागात कोवळ्या ओंब्या कापून धगीवर वाळवत आणि त्या दाण्यांचे सूप करत.

विसाव्या शतकात रासायनिक खते आली. उंच ताटाचा स्पेल्ट त्यांच्या जोरावर वाढून लोळू लागला, तर साधा गहू अधिक उतारा देऊ लागला. सडण्याचा जादा खर्चही परवडेना. स्पेल्ट मागे पडला तो उत्पादनाच्या हिशेबात. शतकाच्या अखेरीस सेंद्रिय शेतीबरोबर तो परतला, यावेळी पौष्टिक म्हणून.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या स्पेल्टमध्ये सुमारे १४.६ ग्रॅम प्रथिने, ४.४ मिलिग्रॅम लोह आणि ३.३ मिलिग्रॅम जस्त असते. हिवाळी कठीण लाल गव्हात हेच आकडे १२.६, ३.२ आणि २.७ आहेत. तंतुमय घटक मात्र स्पेल्टमध्ये १०.७ ग्रॅम, या गव्हात १२.२. कठीण लाल गव्हाच्या वसंती प्रकारात तर प्रथिने १५.४ ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे स्पेल्ट सरस ठरतो तो काही खनिजांत. वाण, जमीन आणि खत यांनीही हे आकडे बदलतात. कोंडा काढून मैदा केला, की दोघांचीही बरीच खनिजे जातात.

स्पेल्टमध्ये ग्लूटेन भरपूर असते, फक्त त्याची कणीक मऊ, ताणली जाणारी आणि कमी लवचिक होते. ग्लूटेन असल्यामुळे, ते न चालणाऱ्या सीलिॲक रोगाच्या रुग्णांना स्पेल्ट वर्ज्यच आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव भागातला खपली गहूही तुसासकट येतो आणि सडावा लागतो. पण तो वेगळ्या जातीचा, २८ गुणसूत्रांचा. स्पेल्टचे पोषणाचे आकडे त्याला लागू होत नाहीत. ग्लूटेनचा इशारा मात्र त्यालाही लागू आहे.