संवाहन, संकेत आणि सीमा : पुरुषाने पुरुषाच्या केलेल्या अंगमर्दनाचा एक ऐतिहासिक विचार

पुरुषाने पुरुषाचे अंग रगडून द्यावे ही गोष्ट महाराष्ट्राच्या लोकजीवनात इतकी परिचित आहे, की तिच्या इतिहासाकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्याची आवश्यकता अभ्यासकांना सहसा भासलेली नाही. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला न्हावी, तालमीत जोडीदाराचे अंग मळणारा पहिलवान, दिवाळीच्या पहाटे मुलांना तेल लावणारे घरातील वडीलधारे माणूस, ह्या तिन्ही ठिकाणी स्पर्श आहे. परंतु त्या स्पर्शाविषयीचा करार कोणालाही बोलून दाखवावा लागत नाही. कोणी कोणाला, कोठे आणि कशासाठी हात लावावा हे रूढीने आधीच ठरलेले असते. प्रश्न उपस्थित होतो तो रूढीचे हे छत्र दूर झाल्यावर. सेवा घेणारा व देणारा परस्परांना अनोळखी असले, त्यांच्यामधील दुवा केवळ पैशाचा असला आणि त्यातून सेवा घेणारा पुरुष समलिंगी असला, म्हणजे त्याची अपेक्षा कोणती आणि सेवा देणाऱ्याची मर्यादा कोणती, हे कोणी तरी सांगावयास हवे असते. ते फार काळ सांगितले का गेले नाही, हा ह्या लेखाचा विषय होय.

प्रथम रूढीचे स्वरूप पाहू जाता दोन भिन्न प्रकार आढळतात. पहिला भक्तिसेवेचा. लोणार आणि मेहकर ही आज बुलढाणा जिल्ह्यात असलेली स्थाने चक्रधरस्वामींच्या परिभ्रमणात येतात. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या दिनक्रमाचा एक भाग म्हणून मर्दनेचा उल्लेख येतो. तेथे मर्दना हे भक्ताचे भाग्य आहे. तिचे मोल नाही, आणि तिची मर्यादा गुरुशिष्यसंबंधातच अंतर्भूत आहे.

दुसरा प्रकार बलुत्याचा. गावगाड्यात न्हाव्याचे काम हजामतीपुरते कधीच नव्हते. डोके चोळणे, हातपाय चेपणे, लग्नकार्यात ठरलेली कामे करणे, हे सारे त्याच्याकडे असे. प्रत्येक कामाचा स्वतंत्र मोबदला ठरलेला नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य हाच त्याचा हक्क. ह्या व्यवस्थेत अपेक्षेची संदिग्धता नव्हती हे खरे. परंतु ती मर्यादा न्हाव्याने घातलेली नव्हती. वतनदाराचे पाय चेपावयाचे नाहीत असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. बलुत्यात सीमा होती, पण ती सेवकाच्या संमतीवर उभी नव्हती, हा भेद पुढील विवेचनात लक्षात ठेवावयास हवा.

धंदा म्हणून संवाहन करणाऱ्या पुरुषाचे चित्र याहून फार जुने आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक हा पाटलिपुत्राच्या गृहस्थाचा मुलगा. कला म्हणून शिकलेली विद्या पुढे पोटासाठी वापरावी लागली, अशी त्याची खंत आहे. तो उज्जयिनीत चारुदत्ताच्या सेवेत राहिला. धन्याची संपत्ती गेल्यावर द्यूताच्या नादी लागला आणि अखेरीस बौद्ध भिक्षू झाला. कला आणि उपजीविका ह्यांतील हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण उपजीविका म्हटली की गिऱ्हाइकाची अपेक्षा आली.

राजगृहात ह्या अपेक्षेपेक्षा भयाचा विचार अधिक होता. कौटिल्य राजाचे स्नान, संवाहन, शय्यारचना इत्यादी कामे दासींकडे सोपवितो, अथवा त्यांच्या देखरेखीखाली कारागिरांकडून करवून घ्यावयास सांगतो. आणि राजाला लावावयाची सुगंधी द्रव्ये सेवकांनी आधी स्वतःच्या अंगाला लावून पाहावीत, असा दंडक घालतो. येथील सीमा विषप्रयोगाच्या धास्तीने आखलेली आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळातील सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लासा’त (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) स्नान व अभ्यंग हे राजाच्या उपभोगांत गणले आहेत. तेथे दृष्टी आहे ती भोक्त्याची. मर्दन करणाऱ्याच्या मनाचा मागमूस तीत लागत नाही.

ह्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायात तृतीया प्रकृतीचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक स्त्रीरूपिणी, दुसरी पुरुषरूपिणी. ह्यांपैकी पुरुषरूपिणी आपली इच्छा झाकून ठेवते, आणि पुरुषाची अभिलाषा असल्याने संवाहकाचा व्यवसाय पत्करते, असे सूत्रकार म्हणतो. पुढे संवाहन करता करता परिचय कसा वाढवावा, स्पर्श मांड्यांपासून पुढे कसा न्यावा, नायकाच्या शरीरावर दिसणारी चिन्हे कशी ओळखावी, थट्टेने त्याला कसे चाळवावे, त्याने स्पष्ट सांगितले नाही तर आपणहून कसे पुढे जावे आणि सांगितलेच तर आधी आढेवेढे कसे घ्यावे, ह्याचा क्रम दिला आहे. आधुनिक अर्थाने ज्याला समलिंगी पुरुष म्हणतात त्याच्याशी ही तृतीया प्रकृती सरळ एकरूप मानणे अशास्त्रीय ठरेल. सूत्रातील संज्ञेचा व्याप निराळा आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या प्रसंगात दोन्ही पुरुषांपैकी एकालाही आपले मन शब्दांत सांगता येत नाही. इच्छा प्रच्छन्न आहे, म्हणून व्यवसाय हा पडदा झाला. आणि पडदा असल्यामुळे संमती बोलण्याऐवजी चिन्हांवरून ताडावी लागली. नायक गप्प राहिला तरी संवाहकाने पुढे जावे, हे सूत्र आजच्या वाचकाला खटकते ते ह्याच ठिकाणी. मौन म्हणजे होकार, ही समजूत गुप्ततेच्या पोटी जन्मली आहे.

अर्वाचीन काळात ह्या विद्येने समुद्र ओलांडला. इंग्रजीतील ‘शांपू’ हा शब्द ‘चांपणे’ ह्या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून गेला आहे, आणि आरंभी त्याचा अर्थ अंग चेपणे असाच होता. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद ह्याने इंग्लंडात ब्रायटन येथे औषधी बाष्पस्नान व चंपीचा व्यवसाय भरभराटीस आणला आणि १८२२ साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्याचे यश केवळ हातोटीचे नव्हते. कोणत्या विकारावर हा उपचार आहे हे त्याने लिहून सांगितले, आणि त्यायोगे येणाऱ्याची अपेक्षा आधीच निश्चित झाली.

पुढे लंडनमध्ये ह्याच धंद्याचा दुसरा पैलू उघड झाला. १८९४ साली मर्दनगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायाविषयी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने गदारोळ उठविला. त्याच वर्षी काही परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. आजची तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांची सनदी संस्था तिच्यातूनच वाढली. वैद्याच्या सांगण्यावाचून मर्दन करू नये, पुरुषांचे सर्वसाधारण मर्दन स्वीकारू नये, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज जाहिरात करू नये, असे तिचे नियम होते. धंद्याची लेखी आचारसंहिता म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक पाहण्याजोगे आहे. धोका संभवतो तो स्त्री आणि पुरुष ह्यांच्यामध्येच, असे ते मानतात. पुरुष पुरुषाचे मर्दन करील तेथे काय, ह्यावर नियम मुके आहेत.

हिंदुस्थानात तो प्रश्न दंडविधानाने निराळ्याच रीतीने सोडविला. १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. कौटिल्यानेही पुरुषाशी केलेल्या संभोगास दंड सांगितला आहे, पण तो प्रथम साहसदंडाचा, म्हणजे पैशाचा. १८५३ च्या तहानंतर इंग्रजी कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडातही, आणि म्हणून बुलढाण्यातही, पुढे इंग्रजांचाच फौजदारी कायदा चालला. अशा रीतीने पुरुषांमधील स्पर्शाला दोनच घरे उरली. रूढीच्या घरात तो इतका निर्दोष की त्यात इच्छा असूच शकत नाही. कायद्याच्या घरात तो गुन्हा. निर्दोष गोष्टीला सीमेची जरूर भासत नाही, आणि गुन्ह्याच्या अटी कोणी बोलून ठरवीत नाही. सीमा आखावयास जी जागा लागते ती ह्या दोन घरांच्या मध्ये असते, आणि ती जागाच नव्हती.

ह्याचा परिणाम मुंबईसारख्या शहरात स्पष्ट दिसतो. तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा मालिशवाला हा मुंबईच्या चौपाटीवरील परिचित पुरुष. १९५७ च्या ‘प्यासा’ चित्रपटात जॉनी वॉकरने रंगविलेल्या कलकत्त्याच्या तेलमालिशवाल्याने ह्या व्यवसायाचे विनोदी चित्र देशभर रुजविले. त्या चित्राच्या मागे दुसरेही वास्तव होते : काही मालिशवाल्यांकडे पुरुष निराळ्या अपेक्षेने जात, आणि ती अपेक्षा सांकेतिक भाषेतच व्यक्त होई. १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी व्यक्तींचे नियतकालिक निघाले, १९९४ साली हमसफर ट्रस्टची स्थापना झाली, आणि एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या कार्यात मालिशवाल्यांचाही विचार होऊ लागला. गुप्ततेची किंमत दोघेही मोजत होते. गिऱ्हाइकास धमकीचे व खंडणीचे भय, कारण तक्रार करावयास गेल्यास तोच आरोपी ठरावयाचा. आणि केवळ मालिश करू इच्छिणाऱ्या गरीब कामगारास नको असलेल्या मागणीचे भय, कारण नकार दिल्यास रोजी जावयाची. बलुत्यातील न्हाव्याची असहायता येथे रोकड पैशाच्या रूपाने परत आलेली दिसते.

कायद्याची पुढील वाटचाल सरळ नाही. १९५६ चा अनैतिक व्यापारविषयक कायदा मूळचा स्त्रिया व मुली ह्यांच्यापुरता होता. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आला आणि पुरुषही त्याच्या कक्षेत आले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या खाजगी संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्याच निकालाने संमतीविना केलेल्या कृत्यास मात्र ते कलम लागू ठेवले होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम समूळ वगळण्यात आले, आणि त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील लैंगिक जबरदस्तीसंबंधीची तरतूदही नाहीशी झाली. आज मर्दन करणाऱ्या वा करवून घेणाऱ्या पुरुषावर असा प्रसंग आला, तर दुखापत, बलप्रयोग, धमकी, खंडणी अशा सामान्य कलमांचाच आधार घ्यावा लागतो. शिक्षेचे भय गेले; संरक्षण मात्र आले नाही.

ह्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. मर्दनाच्या व्यवहारातील संदिग्धता समलिंगी पुरुषांच्या स्वभावातून उद्भवलेली नसून, ज्या परिस्थितीत त्यांना बोलताच येत नव्हते तिच्यातून उद्भवलेली आहे. बोलण्याची मुभा मिळाली म्हणजे करार साधा होतो. सेवा कोणती, किती वेळाची, मोल किती, शरीराचा कोणता भाग वर्ज्य, आणि दोघांपैकी कोणीही मध्येच थांबा म्हटल्यास थांबणे, एवढ्या गोष्टी आरंभीच सांगितल्या गेल्या की पुष्कळसे अनर्थ टळतात. गिऱ्हाईक समलिंगी आहे एवढ्यावरून त्याला मर्दनाहून अधिक काही हवे असेल असे समजणे, किंवा सेवा देणारा पुरुष आहे एवढ्यावरून त्याला नकाराचा अधिकार नाही असे मानणे, ही दोन्ही त्या जुन्या दोन घरांचीच शिल्लक होय.

मोठ्या शहरात हे बोलणे आता काही प्रमाणात होऊ लागले आहे. खामगाव, मलकापूर, चिखली अशा गावांत, जेथे न्हाव्यापासून वैद्यापर्यंत सर्वजण एकमेकांना नावाने ओळखतात, तेथे ते अधिक अवघड आहे. कारण आपली इच्छा सांगणे म्हणजे आपली ओळख सांगणे, आणि ती सांगितल्यावर परत घेता येत नाही. वात्स्यायनाने वर्णिलेला पडदा तेथे अजून पुरता सरलेला नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्या पडद्याआड सेवा देणाऱ्याने व घेणाऱ्याने काय सोसले, ह्याचा वृत्तांत लिखित साधनांत क्वचितच सापडेल. जी माणसे ते सांगू शकतील त्यांची नावे उघड न करता तो टिपून घेणे, हे ह्या विषयाच्या पुढील अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.