बगदादची हरवलेली यादी

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन फौजा बगदादमध्ये शिरल्या आणि इराकचे राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालय लुटले गेले. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. जगभर हळहळ व्यक्त झाली, आणि ती रास्तच होती. पण त्याच महिन्यात, त्याच शहरात, हैफा रस्त्यावरच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचीही लूट झाली. तेथे सुमारे ८,००० चित्रे व शिल्पे होती. त्यांच्यासाठी किती जणांनी अश्रू ढाळले?

इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला हा भेद फार बोलका वाटतो. पाच हजार वर्षांपूर्वीचा इराकी माणूस संस्कृतीचा जनक म्हणून गौरवला जातो. विसाव्या शतकात कुंचला हाती धरणारा त्याचा वंशज मात्र हिशेबातही नसतो. कायदाही याच वळणाचा आहे. इराकच्या २००२ च्या कायद्यानुसार एखादी वस्तू पुराणवस्तू ठरण्यासाठी तिचे वय किमान २०० वर्षे असावे लागते. म्हणजे मेलेल्यांची कला ठेव ठरते. जिवंतांची कला नुसती मालमत्ता.

वास्तविक या दोन्ही लुटी एकाच परंपरेच्या होत्या. शिल्पकार जवाद सलीम यांनी बगदादच्या पुराणवस्तू खात्यात नोकरी केली होती. सुमेरी आणि असिरियन शिल्पे त्यांनी जवळून पाहिली होती. १९५१ साली त्यांनी शाकिर हसन अल सईद आदी सहकाऱ्यांसह 'बगदाद आधुनिक कला गट' स्थापन केला. तेराव्या शतकातील चित्रकार अल-वासिती याच्याशी तुटलेला धागा जोडावा आणि तरीही आजच्या काळाचे बोलावे, ही त्यांची भूमिका. १९५८ च्या क्रांतीनंतर त्यांनी तहरीर चौकातील स्वातंत्र्यस्मारक घडवले. अरबी ओळ वाचावी तसे ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. ते १९६१ मध्ये उभे राहिले. पण त्याच वर्षाच्या आरंभी सलीम वारले होते.

संग्रहालयातून चित्रे गेली, त्यांच्यासोबत नोंदवह्या व कागदपत्रेही गेली. माझ्या मते हा घाव अधिक खोल आहे. यादीच नसेल तर चोरी सिद्ध कशी करायची? बाजारात आलेले चित्र खरे की नकली, हे कोणी सांगायचे? नोंद नसलेल्या कलेत नकली मालाचा धंदा फोफावतो, आणि पुढची पिढी त्या खोट्यालाच आपला इतिहास समजते.

ज्यांच्या स्मरणात ही यादी होती, ती माणसेही विखुरली. चित्रकार लैला अल-अत्तार १९९३ मध्ये अमेरिकी क्षेपणास्त्राच्या माऱ्यात घरातच मारल्या गेल्या. दिया अल-अझ्झावी १९७६ पासून लंडनमध्ये आहेत. इराणशी आठ वर्षांचे युद्ध, १९९१ चे युद्ध, मग आर्थिक निर्बंध. कितीतरी कलावंतांनी अम्मानची वाट धरली.

तरीही काम थांबले नाही. स्वातंत्र्यस्मारकावर सलीम यांच्यासोबत राबलेले शिल्पकार मोहम्मद घनी हिकमत यांनी लुटीनंतर पुढाकार घेतला आणि गेलेल्या कलाकृती पैसे मोजून परत मिळवल्या. सलीम यांचे 'मातृत्व' हे लाकडी शिल्प त्यांतलेच. कला-इतिहासकार नादा शबूत यांनी जुनी छायाचित्रे, प्रदर्शनांच्या पुस्तिका, कलावंतांच्या आठवणी गोळा करून इराकी आधुनिक कलेचे दप्तर नव्याने उभारले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले.

याला कारकुनी काम म्हणून नाक मुरडणारे विद्वान आहेत. मला ते जमणार नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आमच्या पूर्वजांचा उल्लेख कागदावर येतो तो इतरांच्या हातचा: वतनाच्या तंट्यात, बलुत्याच्या हिशेबात. त्यांनी काय गायिले, भिंतीवर काय रेखाटले, याची नोंद ठेवावी असे लिहिणाऱ्यांना वाटले नाही. नोंद कशाची ठेवायची हे ठरवणे ही सत्ताच आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बगदादचे तरुण त्याच स्मारकाखाली जमले आणि शेजारच्या भुयारी रस्त्याच्या भिंती त्यांनी चित्रांनी भरल्या. अशी चित्रे पावसाने जातात, चुन्याने जातात. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की शंभर-दोनशे वर्षे उलटण्याची वाट पाहू नका. मोर्चाचे भित्तिचित्र असो, वस्तीतल्या कलावंताचे शिल्प असो, चार गोष्टी आजच लिहून ठेवा: कोणी केले, केव्हा केले, कशावर केले, आणि आज ते कोणाजवळ आहे.